दरपत्रकापासून रद्दीपर्यंत : जबाबदार ग्राफिक डिझाइन स्टुडिओ कसा चालवावा

लहान ग्राफिक डिझाइन स्टुडिओ सुरू करणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच एखादा छापखानदार चहा मागवून एक व्यवहार समजावून सांगतो : काम आमच्याकडे आणा, छपाईच्या बिलावर दहा टक्के तुमचे. पुण्याच्या पेठांत हा व्यवहार इतका रुळलेला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. मलाही पहिली चार वर्षे वाटले नाही. परंतु या दहा टक्क्यांचा हिशेब नीट मांडून पाहावा. ग्राहकाने एक हजारऐवजी तीन हजार प्रती काढल्या, १०० जीएसएमऐवजी (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) १७० जीएसएमचा कागद घेतला, वर लॅमिनेशन आणि फॉइल चढवले, की प्रत्येक पायरीवर स्टुडिओची कमाई वाढते. ज्याचे उत्पन्न कागदाच्या वजनाबरोबर वाढते त्याला ‘कमी छापा’ हा सल्ला देणे परवडत नाही, आणि दिला तरी महिनाअखेरीस तो मागे घ्यावासा वाटतो. म्हणून पर्यावरणाचे आणि समाजाचे भान ठेवून स्टुडिओ चालवायचा असेल तर सुरुवात दरपत्रकापासून करावी. कागदाची निवड त्यानंतर येते.

पैशाची मांडणी

दरपत्रकात डिझाइनचे शुल्क आणि छपाईवरील देखरेखीचे शुल्क अशा दोन स्वतंत्र ओळी असाव्यात. देखरेखीचे शुल्क छपाईच्या रकमेच्या टक्क्यांत न ठेवता छापखान्यातील फेऱ्यांवर ठरवावे : रंग जुळवण्यासाठी एक फेरी, पहिला फर्मा, म्हणजे एका शीटवर एकत्र छापली जाणारी पाने, मशीनवर चढताना दुसरी, बांधणी तपासण्यासाठी तिसरी. छापखान्याने आपले बिल थेट ग्राहकाच्या नावे करावे. काही संस्थांना हिशेबाच्या सोयीसाठी एकच बिल हवे असते. अशा वेळी छपाईची रक्कम आहे तशीच पुढे लावावी, छापखान्याच्या बिलाची प्रत सोबत जोडावी आणि त्यावरील कराचा प्रश्न आपल्या सनदी लेखापालाकडून आधीच सोडवून घ्यावा.

कमिशन सोडल्यावर जी पोकळी निर्माण होते ती शुल्कातूनच भरावी लागते, आणि त्यासाठी आपला तास कितीला पडतो हे माहीत असावे लागते. समजा, स्टुडिओत तीन माणसे आहेत आणि पगार, भाडे, सॉफ्टवेअर, वीज असा सारा मासिक खर्च २,४०,००० रुपये आहे. प्रत्येकाचे महिन्याला १६० तास धरले तरी बैठका, फोन, फाइली लावणे, बिलांचा पाठपुरावा यांत जाणारा वेळ वजा करता बिलात दाखवता येईल असे काम साठ टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तिघांचे मिळून २८८ तास. भागाकार केला की तासाला सुमारे ८३३ रुपये येतात, आणि त्यावर अडचणीच्या महिन्यांसाठी वीस टक्के राखीव धरले की १,००० रुपये. बत्तीस पृष्ठांच्या पुस्तिकेला सत्तर तास लागणार असतील तर शुल्क ७०,००० रुपये. हा आकडा ग्राहकासमोर मोकळेपणाने ठेवावा. आकडा ऐकून काही ग्राहक निघून जातात. मात्र जे राहतात, त्यांना आपण कागदाबद्दल दिलेला सल्ला आपल्या फायद्याचा नाही हे ठाऊक असते, आणि तो ते ऐकतात.

सामाजिक संस्थांसाठी काम करताना अनेक नव्या स्टुडिओंची एक चूक होते : काम फुकट करून देतात आणि मग मनातल्या मनात कुढत बसतात. फुकट कामाची मुदत कोणी पाळत नाही, दुरुस्त्या कोणी मोजत नाही, आणि संस्थेच्या विश्वस्त मंडळातील सात जण सात मते देतात. त्याऐवजी दरपत्रकावर पूर्ण शुल्क लिहावे, त्याखाली सवलतीची रक्कम लिहावी आणि उरलेली रक्कम, ती पाच हजार असली तरी, आगाऊ घ्यावी. संस्थेच्या बाजूने अंतिम शब्द कोणाचा, हेही त्याच कागदावर नोंदवावे. अशा सवलतीच्या कामासाठी महिन्याच्या तासांपैकी ठरावीक वाटा बाजूला काढावा. आम्ही दहावा हिस्सा ठेवतो, म्हणजे वरील हिशेबात सुमारे २९ तास. तो संपला की पुढच्या महिन्याची तारीख द्यावी. कोणालाही नकार देताना संकोच वाटतोच, पण तास संपले आहेत हे कारण खरे असते आणि ते समोरच्याला पटते.

कोणते काम घेऊ नये

ही यादी ग्राहक दारात येण्यापूर्वी लिहून ठेवावी, कारण समोर मोठी रक्कम आल्यावर तत्त्वे सुचत नाहीत. यादीतील पहिल्या काही ओळी कायद्यानेच लिहून दिल्या आहेत. २००३च्या कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीवर बंदी आहे, गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीवर १९९४च्या कायद्याने बंदी आहे, आणि चमत्कारिक औषधोपचारांच्या आक्षेपार्ह जाहिराती १९५४पासून गुन्हा ठरतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे; तरीही त्याच नावाची, त्याच रंगांची आणि त्याच वळणाच्या अक्षरांची वेलची किंवा सुपारी यांची पाकिटे करून घेण्यासाठी माणसे येतात. पाकिटावर काय लिहिले आहे यापेक्षा ते पाहून गिऱ्हाइकाला काय आठवणार आहे, हा प्रश्न डिझाइनरने स्वतःला विचारावा. आठवण करून देणे हेच तर आपले काम असते.

कायद्याच्या पलीकडील ओळी प्रत्येकाने आपापल्या घालाव्यात. आमच्या यादीत गोरेपणाची मलमे आणि घाईघाईने कर्ज देणारी ॲप आहेत. या यादीबद्दल स्टुडिओतील सर्वांत कनिष्ठ माणसालाही मत असावे, कारण ती चित्रे बहुधा त्यालाच काढावी लागतात.

खरी कसोटी लागते ती फ्लेक्सच्या बाबतीत. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहीहंडी, नवरात्र अशा कोणत्याही निमित्ताने चौकात उभा राहणारा फ्लेक्स हे आपल्याकडच्या लहान डिझाइनरचे रोजचे उत्पन्न आहे, आणि ते एका फटक्यात सोडा असे सांगणाऱ्याने त्या माणसाचे घरभाडे भरावे. मात्र काही अटी घालता येतात. पहिली अट परवानगीची. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा १९९५चा कायदा आहे आणि फलकासाठी पालिकेची परवानगी लागते. तेव्हा आर्टवर्कला हात लावण्यापूर्वी परवानगीची प्रत मागावी आणि त्यावरील मोजमाप आपल्या फाइलच्या मोजमापाशी ताडून पाहावे. ही कागदी कटकट वाटत असेल तर १३ मे २०२४ची घाटकोपरची दुर्घटना आठवावी. तेथे ४० × ४० फुटांची मर्यादा असताना १२० × १२० फुटांचा जाहिरात फलक उभा होता, आणि वादळी वाऱ्यात तो पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे मेली. डिझाइनर लोखंडी सांगाडा उभारत नाही हे खरे. पण संगणकावर नव्या फाइलची लांबी-रुंदी तोच लिहितो.

दुसरी अट मालाची. १ जुलै २०२२पासून देशभर ज्या एकल वापराच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली त्यांत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे किंवा पीव्हीसीचे बॅनर आहेत, सजावटीचे थर्मोकोल आहे, आणि मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळली जाणारी पातळ फिल्मही आहे. लग्नपत्रिका करणाऱ्या स्टुडिओंनी हे शेवटचे विशेष लक्षात ठेवावे. बाजारातील नेहमीचा जाड फ्लेक्स या मर्यादेच्या वर राहतो, म्हणून तो कायद्यातून सुटतो. कचऱ्यातून तो सुटत नाही, कारण पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर असा तो दुपदरी माल असतो आणि ते दोन पदर वेगळे करणे भंगारवाल्याला परवडत नाही. काही फ्लेक्स पत्र्याखाली, गोठ्यावर, कांद्याच्या चाळीवर जातात, तेवढाच त्यांचा दुसरा जन्म. बाकीचे जाळले जातात, आणि पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात.

ज्या संस्थेचा कार्यक्रम दरवर्षी होतो तिला सुती कापडाचा फलक सुचवावा. त्यावर वर्ष, तारीख आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव छापू नये. त्यांच्यासाठी वेगळी पट्टी शिवून घ्यावी व ती दरवर्षी बदलावी. कापडावर रंगवणारे पेंटर अजून सापडतात. फ्लेक्सने ज्यांचे पोट मारले त्यांपैकी एकाकडून आम्ही गेल्या काही वर्षांत बरेच फलक रंगवून घेतले. त्यांच्या अक्षरातील जोडाक्षरांची गाठ कोणत्याही फॉन्टमध्ये नाही, हे मी डिझाइनर म्हणून थोडे खजील होऊन नोंदवतो.

कागद : अर्ध्या इंचाची गोष्ट

पर्यावरणस्नेही छपाई म्हटली की ग्राहक प्रथम पुनर्चक्रित कागदाचे विचारतो. तो प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी कागदाच्या पूर्ण शीटवर आपले काम कसे बसते ते पाहावे, कारण जो कागद विकतच घेतला गेला नाही त्याच्याइतका पर्यावरणस्नेही दुसरा नाही. आपल्याकडे छापखान्यात सर्रास मिळणारी शीट २३ × ३६ इंचांची असते. एका संस्थेला ९ × ९ इंचांची, मुखपृष्ठ धरून बत्तीस पृष्ठांची, मधोमध पिन मारलेली चौकोनी पुस्तिका हवी होती. अशा पुस्तिकेचे उघडलेले जोडपान १८ × ९ इंचांचे होते आणि कटिंगसाठी पाव इंच धरला की १८.२५ × ९.२५. कशीही फिरवली तरी २३ × ३६च्या शीटमध्ये अशी तीनच जोडपाने बसतात, आणि शीटचा चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक भाग कटिंग मशीनखाली जातो. पुस्तिका दोन्ही बाजूंनी अर्धा इंच कमी केली, म्हणजे ८.५ × ८.५ केली, की जोडपान १७.२५ × ८.७५चे होते आणि दोन आडवी, दोन उभी अशी चार बसतात.

एक हजार प्रतींसाठी आठ हजार जोडपाने लागतात. पहिल्या मापात २,६६७ शीट, दुसऱ्यात २,०००. म्हणजे मशीनवर वाया जाणारा कागद वेगळा ठेवला तरी ६६७ शीट वाचल्या. १३० जीएसएमची एक शीट सुमारे ६९ ग्रॅम भरते. तेव्हा ही बचत ४६ किलोंची झाली, आणि वाचकाच्या हातात पडलेली पुस्तिका लहान आहे हे कोणाच्या लक्षातही आले नाही. शिवाय २३ इंचांच्या बाजूने ग्रिपरसाठी, म्हणजे मशीन शीट जेथे पकडते त्या कडेसाठी, जागा सोडूनही सुमारे पाच इंचांची पट्टी उरली, तिच्यात संस्थेचे बुकमार्क बसवले. हे सारे गणित डिझाइन सुरू करण्यापूर्वी, कोऱ्या कागदावर पट्टी व पेन्सिल घेऊन करावे. डिझाइन मंजूर झाल्यावर अर्धा इंच कमी करायला सांगितले तर सारी मांडणी विस्कटते, आणि तेव्हा कोणीही ऐकत नाही.

हीच अडचण ए-४ मापाची. त्याची उंची ११.७ इंच, म्हणजे दोन उंच्या २३ इंचांत बसत नाहीत आणि शीटमध्ये चारऐवजी तीनच जोडपाने येतात. २५ × ३६ची शीट मिळत असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर उंची एक इंचाने कमी करून ८.२५ × १०.७५ ठेवावी. वार्षिक अहवाल ए-४च असला पाहिजे असा नियम कोणत्याही संस्थेच्या घटनेत मला अद्याप आढळलेला नाही.

माप ठरल्यावर कागदाच्या जातीचा विचार करावा. पुनर्चक्रित कागद किंचित करडा असतो आणि शाई अधिक पितो. त्यावर गडद, गच्च भरलेली रंगीत छायाचित्रे मलूल दिसतात आणि ओली शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. म्हणून चार रंगांची एकूण शाई (प्रत्येक रंगाचे जास्तीत जास्त १०० टक्के धरून केलेली बेरीज) गुळगुळीत लेप दिलेल्या कोटेड कागदावर ३०० टक्क्यांपर्यंत चालत असली तरी या कागदावर ती २४० ते २६० टक्क्यांच्या आत ठेवावी. त्याहून उत्तम म्हणजे रेखाचित्रे व दोन रंग यांवर सारे डिझाइन उभे करावे : प्रत्येक रंगाला एक याप्रमाणे चारऐवजी दोनच प्लेटा लागतात, रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद घटतो, आणि कामाला स्वतःचा चेहरा येतो. लाकडाच्या लगद्याला पर्याय म्हणून उसाच्या चिपाडाचा कागद तमिळनाडूतील करूरजवळच्या सरकारी गिरणीत बनतो आणि गव्हाच्या काडाचा कागद पंजाबातील बर्नाल्यात. दोन्ही आपल्या व्यापाऱ्यांकडून मागवता येतात, फक्त आधी सांगावे लागते. पुण्यातच, शिवाजीनगरला, १९४०पासूनची हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून बनलेला तिचा कागद प्रशस्तिपत्रांना आणि निवडक निमंत्रणांना शोभतो. हजारो प्रतींसाठी तो नाही, आणि प्लेटांवरून होणाऱ्या ऑफसेट छपाईपेक्षा जाळीतून शाई उतरवणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवर तो अधिक खुलतो.

जबाबदारीने राखलेल्या जंगलातील लाकडाची खात्री देणाऱ्या एफएससी या संस्थेचे झाडाचे चिन्ह केवळ कागद त्या प्रमाणपत्राचा आहे म्हणून छापता येत नाही. छापखान्याकडेही साखळीचे, म्हणजे जंगलापासून छपाईपर्यंत कागदाचा माग ठेवल्याचे, प्रमाणपत्र असावे लागते आणि चिन्हाखाली त्याचा परवाना क्रमांक यावा लागतो. इंटरनेटवरून चिन्ह उतरवून कोपऱ्यात बसवणे हा सरळसरळ खोटेपणा आहे, मग त्यामागचा हेतू कितीही हिरवा असो.

रद्दीवाल्याची परीक्षा

काही वर्षांपूर्वी आम्ही वृक्षलागवडीवर एक देखणे माहितीपत्रक केले. जाड आर्ट कागद, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन, झाडाच्या आकारावर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच भागावर चकचकीत लेप. उरलेल्या प्रती वर्षभराने रद्दीत काढल्या तेव्हा रद्दीवाल्याने गठ्ठ्यातील एक प्रत घेऊन कोपरा फाडून पाहिला. कागद फाटला पण वरची फिल्म ताणून लोंबत राहिली. त्याने गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे प्लास्टिक आहे. हे नाही चालत.’’ झाडे लावण्याच्या आवाहनाची ती परीक्षा आम्ही नापास झालो, आणि परीक्षक योग्य होता.

तेव्हापासून प्रत्येक डमीचा, म्हणजे छपाईपूर्व नमुना प्रतीचा, कोपरा आम्ही स्टुडिओतच फाडून पाहतो. बीओपीपीची फिल्म ही पॉलिप्रॉपिलीन असते आणि ती कागदावर चिकटली की लगदा करणाऱ्याला नकोशी होते. मुखपृष्ठाला संरक्षण हवे असेल तर पाण्यावर आधारित वार्निश मागावे. ते फिल्मइतके टिकत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे. पण सहा महिने वाचल्या जाणाऱ्या अहवालाला वीस वर्षांचे चिलखत कशाला हवे? ग्रंथालयात जाणाऱ्या पुस्तकाची गोष्ट वेगळी, तेथे लॅमिनेशनमुळे पुस्तकाचे आयुष्य वाढत असेल तर ते अवश्य करावे. शक्य असेल तर आपल्या वॉर्डातील कचरावेचक ताईंशीही एकदा बोलावे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करते, आणि कोणत्या वेष्टनाला भाव येतो व कोणते कोणीच घेत नाही हे त्यांना तोंडपाठ असते.

छापखाना निवडताना यंत्राच्या कंपनीबरोबर दोन गोष्टी पाहाव्यात : सॉल्व्हंटने भिजलेल्या चिंध्या कोठे टाकतात, आणि मशीनवरच्या माणसाच्या डोक्यावर हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का. सोयाबीनच्या तेलाची शाई मिळाली तर घ्यावी, पण तेवढ्यावर काम ‘हिरवे’ झाले असे समजू नये. खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी आयएस १५४९५ या मानकाची शाई आहे ना, एवढे लेखी घ्यावे. आणि दिवाळीच्या तोंडावर फाइल आठवडाभर उशिरा देऊन छापखान्यातील मुलांना रात्रभर उभे करू नये. स्टुडिओतील दिरंगाईची किंमत नेहमी तेथे चुकवली जाते.

वाचता येणे हीच पहिली सेवा

ज्याच्यासाठी पत्रक केले त्याला ते वाचता आले नाही तर वाचवलेल्या कागदाला अर्थ उरत नाही. शासकीय योजनेची माहिती देणारी पत्रके फिक्या करड्या अक्षरांत, पिवळ्या पार्श्वभूमीवर, आठ पॉइंटांत छापलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. पडद्यावरील मजकुरासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावी, हे सर्वमान्य माप छपाईलाही लावून पाहावे. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात, त्यामुळे रोमन मजकुराला पुरणारे दोन ओळींतील अंतर तिला पुरत नाही. डमी तयार झाली की ती साठीच्या पुढील एखाद्या व्यक्तीला, चष्म्यासह, ट्यूबलाइटच्या उजेडात वाचायला द्यावी.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेला अहवाल छापून चांगला दिसतो, पण त्याच्या पीडीएफमध्ये शोध घेता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो निरर्थक चिन्हांचा ढीग वाटतो. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवावी. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो, जो राज्य शासनाने २००९च्या निर्णयात मराठीसाठी प्रमाण मानला आहे. व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या चित्रातील सूचना चित्राखाली मजकूर म्हणूनही द्यावी. फॉन्ट विकत घ्यावेत. पैसे नसतील तर मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त किंवा बलू यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत. चोरलेल्या फॉन्टमध्ये न्यायाच्या घोषणा जुळवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पाकिटावर ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘१००% नैसर्गिक’ असे शब्द ग्राहक सांगेल तसे टाकू नयेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने फेब्रुवारी २०२४पासून आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आहेत. दाव्याला पुरावा हवा आणि तो दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हे स्पष्ट हवे. आम्ही पुराव्याचा कागद कामाच्या फाइलीत लावल्याशिवाय तो शब्द जुळवत नाही.

माणसे, करार आणि उधारी

प्रशिक्षणार्थीला पैसे द्यावेत. ‘अनुभव मिळतो ना’ हे उत्तर ज्यांच्या घरचे पुण्यातील भाडे भरू शकतात त्यांनाच परवडते, आणि मग स्टुडिओत एकाच थरातील मुले जमतात. धाराशिव किंवा नंदुरबारहून आलेली मुलगी चित्र कितीही सुंदर काढत असली तरी तिसऱ्या महिन्यात परत जाते. पुस्तिकेच्या श्रेयनामावलीत चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रितशोधक आणि छापखाना यांची नावे यावीत. दहा किंवा अधिक माणसे झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान स्टुडिओने जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावून ठेवावा.

करारात डिझाइनचे हक्क कशासाठी, किती काळ आणि कोठे दिले हे लिहावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरले जाते, ही गोष्ट डिझाइनर व ग्राहक दोघांनाही सहसा ठाऊक नसते. कागदपत्रे एकतर्फी करून चित्रकाराला कायमचे बांधून घेणारा स्टुडिओ आपल्या ग्राहकाकडून न्यायाची अपेक्षा कशी करणार?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकती करावीत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, अशी २००६च्या कायद्यात तरतूद आहे. ही ओळ दरपत्रकाच्या तळाशी सभ्य शब्दांत छापली की मोठ्या ग्राहकांच्या लेखा विभागातही हालचाल होते. मात्र तोच नियम आपल्यालाही लागू मानावा. एका मोठ्या ग्राहकाने आमचे बिल सात महिने अडकवले तेव्हा आम्हीही चित्रकाराचे पैसे अडकवले. त्याने तक्रार केली नाही, फक्त पुढचे काम घेतले नाही. आता बाहेरच्या माणसांचे पैसे आम्ही पंधरा दिवसांत देतो, आणि वर सांगितलेले वीस टक्के राखीव त्यासाठीच असतात.

विजेबद्दल थोडक्यात. आपल्याकडील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि लहान स्टुडिओत वीज खाणारी मुख्य वस्तू संगणक नसून एसी असते. टेबले उत्तरेच्या खिडकीशी न्यावीत, जुना संगणक रॅम व एसएसडी बदलून दोन-तीन वर्षे अधिक चालवावा, आणि तो संपला की अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रकाकडेच द्यावा.

काम संपल्यानंतर

छापून झालेल्या प्रत्येक कामाची एक ओळ आम्ही नोंदवहीत ठेवतो : माप, शीट, प्रती, लागलेला कागद. सहा महिन्यांनी संस्थेला फोन करून एकच प्रश्न विचारतो, ‘‘कपाटात किती प्रती शिल्लक आहेत?’’ सुरुवातीला लोक गोंधळतात, काहींना ती उलटतपासणी वाटते. पण कपाट उघडून मोजायला लावले की आकडा मिळतो. ऑफसेटमध्ये प्लेटांचा खर्च एकदाच होतो, म्हणून दुसरा हजार स्वस्त पडतो आणि तो छापण्याचा मोह होतो. तीनशे-चारशे प्रतींच्या आत मात्र डिजिटल छपाईच बहुधा परवडते, आणि लागतील तशा प्रती काढता येतात. एका संस्थेच्या अहवालासमोर गेल्या वर्षी आमच्या वहीत ‘छापल्या १,२००, शिल्लक ३४०’ अशी नोंद झाली. या वर्षी तिच्या दरपत्रकात आम्ही ८०० प्रतींचाच भाव मागवला, आणि उशिरा मागणी आली तर पन्नास प्रती डिजिटलवर काढून देण्याची एक ओळ खाली जोडली.